नावावरची जमीन सोडताना : पॅटागोनियातल्या एका कौटुंबिक फाउंडेशनचं प्रकरण

२९ जानेवारी २०१८ रोजी दक्षिण चिलीतल्या, पॅटागोनिया भागातल्या चाकाबुको खोऱ्यात तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष मिशेल बाशेलेट आणि क्रिस टॉम्पकिन्स यांनी कागदांवर सह्या केल्या. टॉम्पकिन्स कुटुंबाच्या फाउंडेशनने जमवलेली सुमारे ४ लाख ७ हजार हेक्टर, म्हणजे दहा लाख एकर जमीन चिलीच्या राष्ट्रीय उद्यानांना गेली. चिली सरकारनेही आपली जमीन आणि आधीची राखीव वनं मिळून सुमारे ३६ लाख हेक्टर त्यात घातली. पाच नवी राष्ट्रीय उद्यानं झाली : पुमालीन, मेलिमोयू, सेर्रो कास्तियो, पॅटागोनिया आणि कावेस्कार. ओर्नोपिरेन, कोर्कोवादो आणि इस्ला माग्दालेना ही तीन जुनी उद्यानं वाढवली गेली.

इथवर यायला २७ वर्षं लागली. पैसा पहिल्या दिवसापासून हाताशी होता. तरीही त्यातली पहिली दहा वर्षं जवळजवळ वाया जाण्याच्या बेतात होती. पर्यावरण आणि लोकसेवा या दोन्हींसाठी कौटुंबिक फाउंडेशन चालवणाऱ्याने हे प्रकरण नीट उलगडून पाहावं असं आहे. यात देणारा प्रामाणिक होता, हेतू चांगला होता, आणि तरीही गाव विरोधात गेलं. ते का गेलं आणि परत कसं आलं, यावरच सगळं उभं आहे.

पैसा आणि त्याची मांडणी

डग्लस (डग) टॉम्पकिन्स यांनी १९६०च्या दशकात गिर्यारोहणाच्या सामानाची ‘द नॉर्थ फेस’ ही कंपनी काढली आणि पुढे पहिल्या पत्नीबरोबर ‘एस्प्रि’ ही कपड्यांची कंपनी उभी केली. एस्प्रितला आपला हिस्सा विकून त्यांनी १९९० मध्ये ‘फाउंडेशन फॉर डीप इकॉलॉजी’ सुरू केलं. १९९१ मध्ये चिलीतलं रेन्यीवे हे मोडकळीला आलेलं पशुपालनाचं रान विकत घेतलं आणि १९९२ मध्ये जमीन खरेदीसाठी ‘कॉन्झर्वेशन लँड ट्रस्ट’ वेगळा काढला. पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या क्रिस या ‘पॅटागोनिया’ या कपड्यांच्या कंपनीच्या मुख्याधिकारी होत्या. १९९३ मध्ये ते पद सोडून त्या डग यांच्याकडे चिलीत राहायला गेल्या. २००० मध्ये त्यांनी ‘कोन्सेर्वासियोन पातागोनिका’ ही स्वतःची संस्था सुरू केली. नंतर या सगळ्या संस्था ‘टॉम्पकिन्स कॉन्झर्वेशन’ या एका छत्राखाली आल्या.

इतक्या संस्था कशाला, असा प्रश्न ट्रस्टच्या बैठकीत हमखास निघतो. विचारांचं आणि मोहिमांचं काम एका संस्थेत आणि जमीन दुसरीत ठेवली, की एखाद्या आंदोलनावरून खटला झाला तरी जमिनीचे दस्त त्यात ओढले जात नाहीत. दुसरं कारण वारसाहक्काचं. चिलीच्या कायद्यात मृत्युपत्र काहीही म्हणो, मालमत्तेचा मोठा हिस्सा मुलांना आणि जोडीदाराला द्यावाच लागतो. उद्यानाची जमीन व्यक्तीच्या नावावर असती, तर मालकाच्या मृत्यूनंतर तिचे वाटे पडण्याची वेळ आली असती. डग यांच्या पश्चात वारशाचा वाद न्यायालयात गेलाही. जमीन आधीपासून संस्थांच्या नावावर होती हे किती महत्त्वाचं होतं, ते तेव्हा दिसलं.

आणखी एक निर्णय सुरुवातीलाच झाला होता, आणि आमच्या मते संपूर्ण प्रकरणातला तोच सगळ्यात धाडसी. मूळ निधी बँकेत ठेवून व्याजावर संस्था चालवायची, हा नेहमीचा मार्ग त्यांनी घेतला नाही. मूळ रक्कमच जमिनीत घातली आणि ती जमीन एक दिवस देऊन टाकायची ठरवली. असं केलं की संस्थेला कायमची गादी उरत नाही, आणि जो नेतृत्व करतो त्याला आपल्याशिवाय काम कसं चालेल याची तयारी पहिल्या वर्षापासून करावी लागते. निदान करायला हवी होती.

पुमालीन : आधी खरेदी, मग बोलणं

पुमालीनचा भाग म्हणजे भिजलेलं, दाट, समशीतोष्ण कटिबंधातलं जंगल. अलेर्से नावाचे वृक्ष इथले. या जातीच्या चिलीतल्याच एका झाडाची वर्तुळं मोजली तेव्हा त्याचं वय ३,६०० वर्षांच्या वर निघालं. हे जंगल वाचवायचं म्हणून डग यांनी रेन्यीवेच्या आजूबाजूचे तुकडे एकामागून एक घेतले. बरेचसे दूरच्या शहरांत राहणाऱ्या मालकांचे होते. बाजारभाव द्यायचा, दस्त करायचा, पुढच्या तुकड्याकडे जायचं. कागदोपत्री सगळं चोख होतं.

नकाशा मात्र वेगळंच सांगत होता. चिली हा देश एखाद्या लांबट पट्टीसारखा, आणि पुमालीनच्या जागी समुद्राच्या खाड्यांपासून अर्जेंटिनाच्या सरहद्दीपर्यंतचं अंतर फारच थोडं. सगळे तुकडे जोडले की एका परदेशी माणसाच्या मालकीने देश मधोमध कापला जातो असं चित्र दिसत होतं. यावर कुणीच आधी खुलासा केलेला नव्हता, म्हणून लोकांनी आपापला केला. कुणी म्हणालं इथे अणुकचरा पुरणार, कुणी म्हणालं दुसरं इस्रायल वसवणार, कुणी म्हणालं गोड्या पाण्यावर डोळा आहे. लष्करातल्या काहींनी राष्ट्रीय सुरक्षेचा मुद्दा काढला. सामन मासळीच्या उद्योगाचा विरोध होताच. शिवाय या रानांत पिढ्यान्‌पिढ्या राहूनही ज्यांच्याकडे मालकीचा कागद नव्हता अशी कुटुंबं होती. त्यांना हुसकावलं जातंय असे आरोप झाले. ‘आम्ही कायदेशीर मालकाकडून घेतली’ हे उत्तर त्या कुटुंबांसाठी उत्तरच नव्हतं.

त्याची किंमत ऊइनायच्या बाबतीत मोजावी लागली. पुमालीनच्या दोन भागांच्या मधोमध सुमारे ३४ हजार हेक्टरचं ऊइनाय नावाचं रान होतं, एका विद्यापीठाच्या मालकीचं. ते मिळालं असतं तर उद्यान सलग झालं असतं. एदुआर्दो फ्रेइ यांच्या सरकारने ते होऊ दिलं नाही. १९९७ मध्ये समझोता झाला आणि काही काळ लगतची जमीन घ्यायची नाही हे डग यांना कबूल करावं लागलं. १९९८ मध्ये ऊइनाय एका वीज कंपनीशी जोडलेल्या प्रतिष्ठानाकडे गेलं. जंगलाच्या मधला तो सांधा पैसे असूनही हातचा गेला.

१९९१ ते ९७ या काळात काय राहून गेलं, याची यादी कुठल्याही जमीन घेणाऱ्या ट्रस्टला उपयोगी पडेल. अंतिम हेतू लिहून जाहीर केला नाही : ही जमीन कुणाची होणार, केव्हा, कोणत्या कायद्याखाली. ताबा असूनही कागद नसलेल्या कुटुंबांची मोजणी खरेदीच्या आधी झाली नाही. स्थानिक भाषेत बोलणारा, स्थानिक माणूस संस्थेचा चेहरा म्हणून पुढे आला नाही. आणि गावाला येण्याजाण्यासाठी जमीन उघडी आहे हे दाखवायला एकही पायवाट पहिल्या दिवसापासून खुली नव्हती. यातल्या एकाही गोष्टीला मोठा पैसा लागत नाही.

नंतरची दुरुस्ती मात्र पाहण्यासारखी आहे. पुमालीनमध्ये पायवाटा, तंबूंचे तळ, लाकडी निवारे बांधले गेले आणि ते सर्वांसाठी खुले झाले. उद्यानाच्या कडेला छोटी सेंद्रिय शेतं उभी केली. तिथे मधमाशा, मेंढ्या, भाजीपाला, आणि तीच वनरक्षकांची ठाणी. उल्मो नावाच्या झाडाच्या फुलांचा मध तिथून बाजारात जाऊ लागला. रोपवाटिकेत अलेर्सेची रोपं वाढवून तोड झालेल्या जागी लावली. दक्षिणेच्या प्रवेशाशी एल आमारियो नावाचं गाव आहे. तिथली घरांची दर्शनी बाजू, कुंपणं, फुलझाडं, चौक हे सगळं गावकऱ्यांबरोबर नव्याने केलं. मे २००८ मध्ये चायतेन ज्वालामुखीचा उद्रेक झाला, राखेखाली उद्यान बंद पडलं आणि शेजारचं चायतेन शहर रिकामं करावं लागलं. त्या काळात एल आमारियोतलं काम हेच संस्थेचं लोकांशी खरं नातं ठरलं. २००५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रिकार्दो लागोस यांनी पुमालीनला निसर्ग अभयारण्याचा दर्जा दिला होता. जमीन मात्र तेव्हाही फाउंडेशनकडेच होती.

चाकाबुको : सौद्यानंतरचं काम

२००४ मध्ये क्रिस यांच्या संस्थेने चाकाबुको खोरं विकत घेतलं. क्षेत्र सुमारे ७० हजार हेक्टर, किंमत सुमारे १ कोटी डॉलर. आपल्या ताडोबा-अंधारीचं गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आहे. हे खोरं त्याहून थोडं मोठं. उत्तरेला हेइनिमेनी आणि दक्षिणेला तामांगो ही सरकारी राखीव क्षेत्रं, आणि मधे हे खासगी कुरण. चिलीच्या वनखात्याला, कोनाफला, हा दुवा कित्येक वर्षं हवा होता. म्हणजे इथे सरकारची गरज आणि फाउंडेशनची इच्छा एकाच नकाशावर होती. जागा निवडताना हा निकष पहिला लावावा : शेजारी आधीच संरक्षित जमीन असली की देणगीला वारस मिळतो.

खोऱ्यात सुमारे २५ हजार मेंढ्या होत्या, शिवाय गुरं. तोट्यात चाललेला धंदा आणि दशकानुदशकं जादा चराईने उघडी पडलेली माती. त्या मेंढ्या टप्प्याटप्प्याने काढल्या. एकदम २५ हजार मेंढ्या बाजारात सोडल्या तर भाव कोसळतो आणि नुकसान शेजारच्या छोट्या पशुपालकाचं होतं, म्हणजे नेमका जो उद्या तुमचा शेजारी राहणार आहे त्याचं. दुसरं कारण मजुरांचं. लोकर कातरणं, हाकारणं, कुंपण सांभाळणं यावर घरं चालत होती. कळप कमी होत जातो तसं नवं काम उभं राहायला हवं, आधी नाही आणि नंतरही नाही. ज्या गाउचोंना, म्हणजे घोड्यावरून गुरं-मेंढ्या राखणाऱ्यांना, राहायचं होतं त्यांना उद्यानात काम दिलं. प्यूमा हा मार्जारकुळातला इथला मोठा शिकारी प्राणी. तो मारणं हे ज्याचं काम होतं असा शिकारी संस्थेने प्यूमाचा माग काढायला ठेवला. गळ्यात पट्टा बसवून त्यांचा अभ्यास करायचा तर ठसा आणि वाट ओळखणारा दुसरा कोण मिळणार?

आता कुंपणाकडे जवळून पाहू. खोऱ्यात सुमारे ६४० किलोमीटर कुंपण होतं. दर तीन मीटरला एक खांब आणि पाच तारा धरून हिशोब केला तरी दोन लाखांवर खांब आणि ३,२०० किलोमीटर तार होते. ग्वानाको हा उंटाच्या कुळातला इथला मूळ प्राणी. मोठं जनावर कुंपणावरून उडी मारतं, पिल्लाचा मागचा पाय वरच्या दोन तारांत अडकतो, तारा पीळ घेतात आणि पिल्लू तिथेच लटकून मरतं. कुंपण काढण्याचं काम स्वयंसेवकांच्या तुकड्यांनी हाताने केलं. अशा कामात क्रम चुकला तर माणूस जखमी होतो. ताणलेली तार मधेच कापली तर ती चाबकासारखी उलटते, म्हणून आधी टोकाच्या खांबापाशी ताण सैल करायचा. मग प्रत्येक खांबावरचे वाकडे खिळे पकडीने उपटून पिशवीत टाकायचे. गवतात पडलेला खिळा खुरात जातो. मग तार गुंडाळून भेंडोळी करायची, शेवटी पहारीने खांब. कुठलं कुंपण आधी काढायचं हेही ठरवावं लागतं : जनावरांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरचं आधी, शेजाऱ्याच्या हद्दीवरचं सगळ्यात शेवटी. हद्दीचं कुंपण घाईने गेलं तर शेजाऱ्याच्या मेंढ्या आत येतात, आणि भांडण सुरू होतं ते ग्वानाकोंच्या नव्हे, गवताच्या नावाने.

शेजाऱ्यांची तक्रार प्यूमाची होती. उद्यानात प्यूमाला अभय मिळालं, की तो कुंपणापलीकडच्या मेंढ्यांवर जाणार. ही भीती खोटी ठरवण्यात वेळ घालवायचा नसतो. इथे राखणदार कुत्र्यांचा प्रयोग झाला. ग्रेट पिरनीज जातीची पिल्लं डोळे उघडल्यापासून मेंढ्यांतच वाढवली, की कळपालाच आपलं घर समजतात आणि प्यूमा जवळ आला की भुंकून अंगावर जातात. मात्र पिल्लाला घरात आणून लाड केले की ते माणसाच्या मागे फिरतं आणि कळप उघडा पडतो. म्हणून पहिले काही महिने पिल्लू आणि मेंढ्या यांच्यापासून घरच्यांना दूर ठेवणं हीच खरी शिकवणी असते.

इतकं करूनही जवळच्या कोक्रेन गावात नाराजी राहिली. ज्या खोऱ्यावर गावाची लोकर आणि ओळख उभी होती तिथे मेंढी दिसेनाशी झाली, हे दुःख खरं होतं. माळरानावर वनखात्याचं कुंपण आल्यावर धनगराला जे वाटतं, तेच. त्यावर नोकऱ्यांचा आकडा तोंडावर फेकून भागत नाही. कोक्रेनच्या शाळांतली मुलं संस्थेने खोऱ्यात आणली, त्यांना हुएमुल दाखवलं. हुएमुल हे चिलीच्या राजमुद्रेवरचं हरीण, आता धोक्यात आलेलं. हुएमुलच्या नावाने उत्सव आणि पदयात्रा सुरू झाली. ही मुलं मोठी होईपर्यंत थांबायची तयारी ज्या विश्वस्तांची नसेल, त्यांनी जमिनीचं काम हातीच घेऊ नये.

पाण्याचा मुद्दा वेगळा सांगायला हवा, कारण इथे परदेशी देणगीदार हमखास फसतात. चिलीच्या १९८१च्या जलसंहितेप्रमाणे पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा असतो. तुमच्या रानातून वाहणाऱ्या नदीचं पाणी दुसऱ्याच कंपनीच्या नावावर असू शकतं. शेजारच्या बाकेर आणि पास्कुआ नद्यांवर ‘इद्रोआयसेन’ या नावाने पाच धरणांचा प्रकल्प आखला गेला होता. टॉम्पकिन्स मंडळींनी ‘धरणांविना पॅटागोनिया’ या मोहिमेला पाठबळ दिलं आणि जून २०१४ मध्ये सरकारने प्रकल्प नाकारला. म्हणून खरेदीपूर्व तपासणीत तीन वेगळे उतारे लागतात : जमिनीचा, पाण्याचा आणि भूगर्भातल्या खनिजाचा.

८ डिसेंबर २०१५

त्या दिवशी जनरल कारेरा सरोवरात वाऱ्याने डग यांची कायाक उलटली. थंड पाण्यात फार वेळ राहावं लागल्याने कोयाइकेच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. वय ७२. उद्यानं अजून फाउंडेशनच्याच नावावर होती.

संस्थापकाच्या मृत्यूनंतर कौटुंबिक संस्थेत सहसा दोन गोष्टी होतात. एक तर सगळं ‘त्यांच्या इच्छेप्रमाणे’ गोठतं, किंवा प्रत्येक नातेवाईक स्वतःचा कार्यक्रम आणतो. क्रिस यांनी तिसरं केलं : देण्याचा वेग वाढवला. काही आठवड्यांतच त्या ब्युनोस आयरेसला अर्जेंटिनाचे तेव्हाचे अध्यक्ष मौरिसियो माक्री यांच्यापुढे होत्या आणि इबेरा पाणथळ प्रदेशातली जमीन देण्याची घोषणा झाली. चिलीशी डग हयात असतानाच बोलणी सुरू होती. १५ मार्च २०१७ रोजी प्राथमिक करार आणि पुढच्या जानेवारीत अंतिम सह्या झाल्या. हे शक्य झालं, कारण कागद बनवणारी, मंत्रालयात बसणारी आणि खोऱ्यात राहणारी माणसं आधीपासून तयार होती. चिलीत कॅरोलिना मोर्गादो १९९०च्या दशकापासून या कामात होत्या. अर्जेंटिनात सोफिया हेइनोनेन आधी राष्ट्रीय उद्यान प्रशासनात काम करून आलेल्या होत्या. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली ‘रिवाइल्डिंग चिले’ आणि ‘रिवाइल्डिंग अर्जेंटिना’ या स्वतंत्र संस्था उभ्या राहिल्या. कुटुंबाचं नाव मागे गेलं, देशातल्या माणसांची संस्था पुढे आली.

करारातली अट ही या प्रकरणाची किल्ली आहे. नुसती जमीन देऊन टाकली असती तर सरकारने ती खात्यात जमा करून घेतली असती, इतकंच. अट दुहेरी होती. सरकारने त्यात आपली जमीन घालायची, आणि सगळ्याला ‘राष्ट्रीय उद्यान’ हाच दर्जा द्यायचा. दर्जावर एवढा हट्ट का? अमेरिका खंडांतल्या देशांनी १९४० मध्ये वॉशिंग्टनला निसर्गसंरक्षणाचा एक करार केला. चिलीने तो १९६७ मध्ये स्वीकारला. त्यानुसार राष्ट्रीय उद्यानाच्या सीमा बदलायच्या किंवा त्यातला तुकडा काढायचा तर संसदेची मंजुरी लागते, निव्वळ प्रशासकीय आदेश पुरत नाही. जून २०१६ मध्ये चिलीत ‘संरक्षणाचा वस्तुहक्क’ हा नवा कायदाही आला. खासगी मालकाला आपल्या जमिनीवर संरक्षणाचा बोजा नोंदवता येतो, आणि पुढचा मालकही त्याने बांधला जातो. ज्यांना जमीन सरकारला द्यायची नाही त्यांच्यासाठी हा मार्ग आहे. टॉम्पकिन्स यांच्याकडे १९९१ मध्ये तो नव्हता.

देणगीत फक्त रान नव्हतं. दगडी विश्रामगृह, माहिती केंद्र, तळ, रस्ते, पायवाटा, सगळं गेलं. ३० एप्रिल २०१९ रोजी पुमालीन आणि पॅटागोनिया ही दोन उद्यानं प्रत्यक्ष कोनाफच्या ताब्यात आली. इथे जी अडचण अपेक्षित होती तीच आली. खासगी संस्थेने राखलेला दर्जा सरकारी अंदाजपत्रकात टिकवणं अवघड असतं. दहा तळ असलेल्या उद्यानाला स्वच्छतागृहं, पाण्याचे नळ, छपरं यांची दरवर्षीची दुरुस्ती लागते, आणि थंडी-पावसाच्या त्या मुलखात लाकूड लवकर कुजतं. देणाऱ्याने इमारत बांधताना घेणाऱ्याचं अंदाजपत्रक पाहायला हवं. आलिशान बांधकाम हे सरकारी खात्याला दिलेलं ओझं ठरू शकतं. यावर उतारा म्हणून उद्यानांच्या मदतीसाठी वेगळा निधी आणि ‘उद्यानांचा मार्ग’ ही कल्पना पुढे आली : पुएर्तो मोंतपासून केप हॉर्नपर्यंत सुमारे २,८०० किलोमीटर, १७ राष्ट्रीय उद्यानं, आणि त्यांच्या कडेची साठहून अधिक गावं. पर्यटकाचा पैसा उद्यानाच्या फाटकावर न थांबता गावात गेला, तर उद्यान राखण्यात गावाला स्वारस्य राहतं. सप्टेंबर २०२३ मध्ये चिलीने जैवविविधता आणि संरक्षित क्षेत्रांसाठी वेगळी सेवा उभारणारा कायदा क्रमांक २१,६०० केला. उद्यानांचा कारभार हळूहळू तिकडे सोपवण्याची तरतूद त्यात आहे.

इबेराचं थोडक्यात. अर्जेंटिनाच्या कोरिएन्तेस प्रांतातला हा दलदलीचा मुलूख. तिथेही ‘हा गोरा आमचं पाणी नेणार’ अशी ओरड होती. पण इथे संस्थेने चिलीतला धडा वापरला. आधी गावांच्या नगरपालिकांशी बोलणं, मग प्राणी. पुमालीनमध्ये जंगल उभंच होतं. इबेरात प्राणीच नाहीसे झाले होते. २००७ मध्ये महाकाय मुंगीखाऊ परत आणले, मग पंपास हरीण, टापिर, लाल-हिरवे मकाव. जॅग्वार तिथून सुमारे ७० वर्षांपूर्वी संपला होता. जानेवारी २०२१ मध्ये एक मादी दोन बछड्यांसह सोडली गेली. ‘कोरिएन्तेस पुन्हा कोरिएन्तेस होतंय’ ही घोषणा प्रांताच्या अभिमानावर बेतलेली होती. देणगीदाराचं नाव तिच्यात कुठेच नव्हतं.

आपल्याकडे हे जसंच्या तसं होणार नाही

महाराष्ट्रात एखाद्या कुटुंबाने जंगलासाठी हजारो एकर विकत घेणं कायद्यातच बसत नाही. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, आणि १९६१च्या कमाल धारणा कायद्याप्रमाणे कोरडवाहू जमिनीची मर्यादा ५४ एकर आहे. त्यामुळे टॉम्पकिन्स यांनी ज्यावर सर्वाधिक पैसा घातला तो भाग आपल्याकडे बाद होतो, आणि ज्यात ते सुरुवातीला कमी पडले तो भागच शिल्लक राहतो. वन्यजीव कायद्यात २००२च्या दुरुस्तीने ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ आलं, गावाने किंवा व्यक्तीने आपण होऊन दिलेल्या जमिनीसाठी. २००६च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला हक्क मिळाले. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. इथे कौटुंबिक ट्रस्टचं काम सीमांकनाचा खर्च, जीपीएस मोजणी, पाच वर्षांचं व्यवस्थापन नियोजन, अग्निरेषा आणि रोपवाटिका अशा ठिकाणी येतं. हक्क ग्रामसभेचा, निर्णय ग्रामसभेचे. देवराईच्या गावात हे समजावून सांगावं लागत नाही.

कावेस्कार

शेवटी एक भाग, जो २०१८च्या सह्यांनंतरही मिटलेला नाही. चिलीच्या अगदी दक्षिणेला आलाकालुफेस नावाचं राखीव वन होतं. राष्ट्रीय उद्यान करताना तिथल्या कावेस्कार या मूळ रहिवाशांशी सरकारने रीतसर सल्लामसलत केली. कावेस्कार हे डोंग्यांतून फिरणारे, पाण्यावर जगणारे लोक. ‘आलाकालुफेस’ हे नाव बाहेरच्यांनी ठेवलेलं, ते बदलून आमचं नाव द्या, ही त्यांची मागणी मान्य झाली. दुसरी मागणी समुद्राची होती. त्यांच्या दृष्टीने बेटं आणि बेटांमधलं पाणी हा एकच मुलूख. सरकारने जमिनीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा दिला आणि भोवतीच्या समुद्राला ‘राष्ट्रीय राखीव क्षेत्र’ एवढाच. फरक लहान वाटतो, पण राखीव क्षेत्रात सामन मासळीच्या पिंजऱ्यांना परवानगी मिळू शकते, राष्ट्रीय उद्यानात नाही. देणगीच्या नकाशावर जमीन हिरवी झाली आणि कावेस्कारांच्या डोंग्या जिथून जात होत्या त्या खाड्या पांढऱ्याच राहिल्या. सामन उद्योगाच्या परवान्यांविरुद्ध कावेस्कार समुदायांनी तेव्हापासून हरकती, अर्ज आणि खटले चालू ठेवले आहेत.